सीट ‘करून देणारा’ माणूस घरी आला तर

मे-जूनमध्ये बँकेत एफडी मोडायला येणाऱ्यांपैकी एक प्रकार मला लांबूनच ओळखू यायचा. नवरा-बायको जोडीने यायचे आणि सह्या करताना एकमेकांकडे बघायचे नाहीत. कशासाठी हवेत विचारलं की "मुलाच्या ॲडमिशनला." मग मी विचारायची, "डीडी कोणाच्या नावाने काढू?" खऱ्या फीला नाव असतं, कॉलेजचं किंवा प्रवेश समितीचं. हे दोघं गप्प व्हायचे आणि थोड्या वेळाने नवरा म्हणायचा, "नको मॅडम, कॅशच द्या."

बडोद्यात एका सरकारी बँकेत मी ३४ वर्षं नोकरी केली. शेवटची काही वर्षं शैक्षणिक कर्जाचं टेबल माझ्याच देखरेखीखाली होतं. कोणाच्या पैशाला नाव नाही, हे मला इतरांपेक्षा आधी कळायला हवं होतं. तरीही २०१८च्या जुलैत आम्ही दोघांनी २ लाख रुपये रोख, साडीच्या दुकानाच्या कापडी पिशवीत घालून, अलकापुरीतल्या एका ऑफिसात नेऊन दिले. मुलाच्या एमबीबीएसच्या सीटसाठी. त्याचं काय झालं ते पुढे सांगते. तुमच्या घरी असा माणूस येईल तेव्हा काय करायचं, ते आधी.

तो कसा येतो

तो अनोळखी नसतो. आमच्याकडे माझ्या दिरांच्या मित्राच्या ओळखीने आला. बोलणं मऊ, हातात फाईल, फाईलीत इतरांच्या मुलांचे प्रवेशपत्रांचे झेरॉक्स. बडोद्याचा असल्यामुळे मराठी घरात आला तरी मुद्द्याची गोष्ट गुजरातीत बोलायचा, "थई जशे, बेन. चिंता ना करो." लाच, पैसे हे शब्द त्याच्या तोंडी येत नाहीत. ‘पॅकेज’ असतं, ‘टोकन’ असतं, ‘वरचं’ असतं, ‘डोनेशन’ असतं. शेवटी घड्याळाकडे बघून तो सांगतो की उद्या दुपारपर्यंत कळवा, माझ्याकडे दोनच राहिल्यात.

पहिलं काम एवढंच की त्या दिवशी काहीही कबूल करायचं नाही. पाणी द्या, चहा द्या, ओळखीचा माणूस आहे, अपमान करायचं कारण नाही. पण आकडा ऐकला की उठा आणि आतून मुलाला किंवा मुलीला बोलावून आणा. त्यांच्या शेजारी बसा आणि त्या माणसाला म्हणा, "आता सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगा, प्रवेश हिचा आहे." माझ्या पाहण्यात हा एकच उपाय हमखास लागू पडतो. जो माणूस आईबापांसमोर तासभर बोलत होता, तो अठरा वर्षांच्या मुलीसमोर ‘वरचे कोणाला जातात’ हे सांगू शकत नाही. आम्ही नेमकं उलटं केलं होतं. मुलाला क्लासला पाठवून मग त्या माणसाला बोलावलं होतं.

दारं किती आहेत ते स्वतः मोजा

एजंट जगतो तो आपल्या अज्ञानावर. त्यामुळे एक संध्याकाळ काढा आणि अधिकृत रस्ते कागदावर लिहा.

मेडिकलला नीट शिवाय काहीच नाही. सरकारी कॉलेजांतल्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जातात, त्या जागांचं आणि अभिमत विद्यापीठांचंही समुपदेशन (कोणाला कोणती जागा, ते ठरवण्याच्या फेऱ्या) दिल्लीची एकच केंद्रीय समिती करते. गुजरातच्या जागा गांधीनगरची प्रवेश समिती भरते. आपल्याकडच्या खासगी मेडिकल कॉलेजांत साधारण ७५ टक्के जागा सरकारी कोट्याच्या, १० टक्के मॅनेजमेंटच्या आणि १५ टक्के एनआरआय कोट्याच्या. लोकांना वाटतं मॅनेजमेंट कोटा म्हणजे चेअरमनच्या खिशातली सीट. तसं नाही. फी जास्त आहे, पण तीही सीट नीटच्या गुणांवर, त्याच समितीच्या यादीतून, त्याच ऑनलाइन फेरीत मिळते. मॅनेजमेंटची फी परवडत असेल तर उघडपणे फॉर्मात तो पर्याय भरा, मध्ये माणूस कशाला?

इंजिनियरिंगला आयआयटी आणि एनआयटीच्या जागा एका सामाईक फेरीतून जातात. आयआयएमला कॅट किंवा त्या त्या संस्थेची परीक्षा आणि मुलाखत. तिथे मॅनेजमेंट कोटा नावाची चीजच नाही. ‘आयआयटीत आतून करून देतो’ म्हणणाऱ्याला चहाही देऊ नका.

राहिला एनआरआय कोटा, आणि याबद्दल बडोद्यात, आणंदमध्ये, सगळ्या चरोतरात जरा सविस्तर बोलायला हवं, कारण इथे प्रत्येकाचा कोणी ना कोणी न्यू जर्सीत आहे. एजंट म्हणतो, लांबच्या मामाला पालक दाखवू, एक प्रतिज्ञापत्र, एक बँकेचा दाखला, काम झालं. पंजाब सरकारने एनआरआय कोट्यात काका-मामा-आत्यांसारखे नातेवाईक घुसवायला नियम रुंद केला, तेव्हा उच्च न्यायालयाने तो रद्द केला आणि २४ सप्टेंबर २०२४ला सर्वोच्च न्यायालयाने सरकारचं अपील फेटाळताना या प्रकाराला फसवणूक म्हटलं. जो मामा मुलीला दर दिवाळीला व्हिडिओ कॉलवर भेटतो त्याला तिचा पालक म्हणून सही करायला लावलीत, तर खोट्या कागदावर सही मामाची, फायदा मुलीचा आणि चौकशी दोघांची.

टोकनचं गणित

आता आमची गोष्ट, कारण हा धंदा चालतो कसा ते यात दिसतं.

मुलाला पहिल्या फेरीत काही मिळालं नाही. मार्क वाईट नव्हते, पण काठावरचे होते. तो माणूस म्हणाला, दुसऱ्या फेरीत करून देतो, एकूण १० लाख, आत्ता २ टोकन. आम्ही दिले. दुसऱ्या फेरीत मुलाला खरंच खासगी कॉलेजात सरकारी कोट्याची सीट मिळाली. संध्याकाळी फोन आला, "झालं ना? आता बाकीचे ८."

त्या रात्री मला झोप आली नाही. बँकेतली सवय म्हणून मी समितीच्या संकेतस्थळावरून दुसऱ्या फेरीची यादी काढली आणि पट्टी ठेवून एकेक ओळ बघत गेले. मुलाच्या कॉलेजात त्याच्या प्रवर्गात शेवटची सीट ज्या क्रमांकाला गेली होती, तो मुलाच्या क्रमांकाच्या बराच खाली होता. सीट त्याचीच होती. कोणी काही केलं नव्हतं, करण्यासारखं काही नव्हतंच.

मग धंदा लक्षात आला. समजा त्याने काठावरच्या दहा घरांतून २-२ लाख घेतले. वरच्या जागा रिकाम्या होत जातात तसे त्यातल्या चौघांचे नंबर आपोआप लागतात. त्या चौघांकडून तो ‘पॅकेज’ पूर्ण घेतो. सहाजणांना पैसे परत करतो, "मी खूप प्रयत्न केले" म्हणतो, आणि ती सहा घरं त्याला प्रामाणिक म्हणून दुसऱ्यांकडे पाठवतात. आत कोणाला ओळखायची त्याला गरजच नाही. गेल्या वर्षीचे कट-ऑफ तुमच्यापेक्षा नीट वाचता आले की झालं.

त्यामुळे कोणी ‘अमक्याचं केलं’ म्हणून नाव सांगितलं, तर त्या मुलाचा मेरिट क्रमांक विचारा आणि यादीत स्वतः बघा. दहा मिनिटांचं काम आहे.

आम्ही उरलेले ८ दिले नाहीत. २ लाख परत आले नाहीत. पावती नव्हती, तक्रार कशाच्या जोरावर करणार होतो?

कागद मागा

पैसे द्यायच्या आधी तीन प्रश्न विचारा. पावती कॉलेजच्या किंवा समितीच्या नावाची मिळेल का? रक्कम प्रवेश समितीने किंवा फी नियंत्रण समितीने जाहीर केलेल्या फीच्या तक्त्यात आहे का? बँकेने थेट कॉलेजच्या खात्यात भरली तर चालेल का? तिन्ही उत्तरं ‘हो’ आली नाहीत तर तो खर्च शिक्षणाचा नाही. म्हणून मी म्हणते, पैसा घरात असला तरी एकदा शैक्षणिक कर्जासाठी अर्ज करून बघा. बँक कॉलेजचं पत्र मागते आणि पैसे कॉलेजलाच देते. बँकांच्या सामाईक नमुना योजनेत ७.५ लाखांपर्यंत तारणही लागत नाही. ज्या आकड्याला बँकेचा अधिकारी मान हलवतो तो आकडा बघायला मिळाला, तरी अर्धं काम झालं.

याच शहरातून १९१३ साली एका तरुणाला कोलंबिया विद्यापीठात शिकायला शिष्यवृत्ती मिळाली. देणारे महाराजा सयाजीराव, घेणारे भीमराव आंबेडकर. पैसा राज्याचा होता आणि अट उघड होती, परत आल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी. तसा करार लिहून घेतला होता. शिक्षणाला श्रीमंताचा पैसा लागतो, त्यात लाज नाही. पण त्या पैशाचा कागद असतो आणि घेणाऱ्या विद्यार्थ्याला तो माहीत असतो.

कायद्याचंही थोडं. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ला दुरुस्ती झाली, तेव्हापासून लोकसेवकाला लाच देणाराही थेट गुन्हेगार आहे, शिक्षा ७ वर्षांपर्यंत. जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर ७ दिवसांत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवलं तरच बचाव. ‘खासगी संस्था आहे, तिथे कसली लाच’ असं वकिली थाटात सांगणारे भेटतील. बडोद्याजवळच्याच एका अभिमत विद्यापीठाच्या विश्वस्तावर परीक्षेचा फॉर्म भरू देण्यासाठी २० लाख मागितल्याचा आरोप होता. त्या प्रकरणात एप्रिल २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की अभिमत विद्यापीठही या कायद्याच्या कक्षेत येतं. आरोपाचा खरेखोटेपणा तेव्हा ठरला नव्हता, तत्त्व ठरलं. शिवाय एका दिवसात एका व्यक्तीकडून २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं प्राप्तिकर कायद्याने मना आहे, घेणाऱ्याला तेवढाच दंड बसतो. एजंट रोखच का मागतो हे यावरून समजा.

कोरी उत्तरपत्रिका

सगळेच एजंट नुसते थापाडे नसतात. काही खरंच परीक्षेला हात घालतात, आणि ते जास्त धोक्याचं आहे.

५ मे २०२४ची नीट. गोध्रा आपल्यापासून गाडीने दोन तासांच्या आत. तिथल्या एका केंद्रावरच्या शिक्षकाच्या गाडीत ७ लाख रुपये रोख सापडले. पोलिसांच्या म्हणण्यानुसार बेत असा होता की ठरलेल्या मुलांनी जी उत्तरं येतात तेवढीच भरायची, बाकीची कोरी सोडायची, ती नंतर शिक्षक भरणार. एकेका मुलामागे १० लाखांची बोली. अटक झालेल्यांमध्ये बडोद्यातला एक शिक्षण-सल्लागारही होता. जिल्हाधिकाऱ्यांना आधी खबर लागल्यामुळे बेत फसला आणि पुढे तपास सीबीआयकडे गेला.

मी त्या बातम्या वाचत होते तेव्हा पैशापेक्षा ती कोरी वर्तुळं डोळ्यांसमोर येत होती. नीटच्या पेपरात मूल तीन तास बसतं. ज्या मुलाने दोन वर्षं अभ्यास केलाय, त्याला शेजारची मुलं वर्तुळं भरताना दिसतायत, आणि याला आईबापांनी सांगितलंय की तू पेन खाली ठेव. आपण मुलाला काय सांगितलं? तुला येत नाही, हे आम्हाला आधीपासून माहीत आहे, असंच ना?

या असल्या प्रकारांसाठी २१ जून २०२४पासून वेगळा केंद्रीय कायदा लागू आहे. गैरप्रकाराला ३ ते ५ वर्षं कैद आणि १० लाखांपर्यंत दंड, संघटित टोळी असेल तर ५ ते १० वर्षं आणि किमान १ कोटी दंड. मुलावर परीक्षेची बंदी येते ती वेगळी. शेजारच्या मध्य प्रदेशात व्यापमं (तिथलं परीक्षा मंडळ) प्रकरणात २००८ ते २०१२मध्ये मेडिकलला लागलेल्या ६३४ विद्यार्थ्यांचे प्रवेश सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१७मध्ये रद्दच ठेवले. काहींचं शिक्षण तोवर पूर्ण झालं होतं. तेव्हा ‘एकदा आत गेला की कोण विचारतंय’ हे कोणी म्हटलं तर हा आकडा सांगा.

परदेशाचं म्हणाल तर

अलकापुरी आणि फतेहगंजमध्ये चालत निघालात तर परदेशी शिक्षणाच्या पाट्या मोजता मोजता दमाल. त्यातले बरेच जण सरळ काम करतात. पण ‘तिकडे सगळं पारदर्शक असतं’ हा आपला समज आहे. १२ मार्च २०१९ला बॉस्टनच्या सरकारी वकिलांनी जे प्रकरण बाहेर काढलं त्यात मध्यस्थ होता रिक सिंगर, धंद्याने प्रवेश-सल्लागारच. पुढचं दार गुणांचं, मागचं दार मोठ्या देणगीचं, आणि मी बाजूचं दार उघडून देतो, अशी त्याची भाषा. काही वर्षांत २.५ कोटी डॉलर त्याच्याकडे आले. विद्यापीठांच्या क्रीडा प्रशिक्षकांना पैसे देऊन न खेळणारी मुलं खेळाडू म्हणून दाखवली, त्यासाठी फोटो बनवले, आणि सॅट या तिकडच्या प्रवेश परीक्षेची उत्तरं परीक्षेनंतर दुरुस्त करून घेतली. जास्त वेळ मिळावा म्हणून मुलांना शिकण्यात अडचण असल्याचे दाखले काढायला लावले. पैसे जायचे त्याच्या धर्मादाय संस्थेला, म्हणजे वर देणगीची पावती! सिंगरला जानेवारी २०२३मध्ये साडेतीन वर्षांची शिक्षा झाली.

अभिनेत्री फेलिसिटी हफमन हिने मुलीच्या परीक्षेसाठी १५ हजार डॉलर दिले होते, तिला १४ दिवसांच्या तुरुंगवासाची शिक्षा झाली. मुलीला यातलं काही माहीत नव्हतं. हफमनने न्यायाधीशांना लिहिलेल्या पत्रात आहे की सगळं कळल्यावर मुलीने रडत विचारलं, तुझा माझ्यावर विश्वास का नव्हता, मला स्वतःला जमेल असं तुला का वाटलं नाही? ते वाचून मी मोबाईल बाजूला ठेवला होता.

तेव्हा परदेशी सल्लागाराकडे जाल तर निबंध कोण लिहिणार ते विचारा. ‘आमची टीम’ असं उत्तर आलं तर उठा, कारण अर्जात शेवटी मूल स्वतः सही करून सांगतं की हे माझं लेखन आहे. विद्यापीठाकडून तुम्हाला कमिशन मिळतं का, हेही विचारा. मिळत असेल तर ते चूक नाही, पण आपल्याला कळलं पाहिजे. आणि अर्जाचा ईमेल व पासवर्ड मुलाकडेच राहू द्या. न केलेल्या समाजसेवेचं प्रमाणपत्र, न खेळलेल्या खेळाचा चषक, न केलेली इंटर्नशिप, यातलं काहीही ‘सगळेच टाकतात’ म्हणून टाकू नका.

आधीच दिले असतील तर

धमक्या देऊ नका, भांडू नका. पहिल्या भेटीपासूनच्या तारखा, रकमा, कोण समोर होतं, सगळं त्याच रात्री वहीत लिहा. व्हॉट्सॲपचे संदेश पुसू नका, स्क्रीनशॉट काढून मुलाच्या किंवा मुलीच्या फोनवरही ठेवा. ऑनलाइन पैसे गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या क्रमांकावर कळवा, तासातासाने फरक पडतो. सरकारी माणसाचं नाव घेऊन मागितले असतील तर गुजरातच्या लाचलुचपत विभागाचा क्रमांक १०६४. वर सांगितलेली ७ दिवसांची मुदत लक्षात ठेवा आणि आधी वकिलाला भेटा. उरलेली रक्कम कितीही भीती घातली तरी देऊ नका. आम्हाला त्याने सांगितलं होतं की सीट रद्द करवीन. यादीत समितीने लावलेली सीट त्याच्या बापाला रद्द करता येत नव्हती.

आणि मुलाला सांगा. हे सगळ्यात कठीण आहे, मला माहीत आहे. आम्ही सांगितलं नाही. त्याला दुसऱ्या वर्षाला असताना काकांच्या बोलण्यातून कळलं. रविवार होता, सेवउसळ आणली होती. वाटी पुढे सरकवून त्याने विचारलं, "माझा नंबर लागला, का तुम्ही लावलात?" मी म्हटलं तुझाच लागला. तो म्हणाला, "मग पैसे कशाचे दिलेत?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यानंतर कितीतरी दिवस मार्क चांगले पडले तरी तो घरी सांगत नव्हता.

चॉईस भरायची रात्र

एजंटला देणार होतात ती ताकद इथे लावा. गेल्या दोन-तीन वर्षांचे फेरीनिहाय कट-ऑफ उतरवून घ्या, प्रवर्ग आणि कोटा बघून. पर्याय भरताना ‘मिळेल ते वर’ असं करू नका. खरोखर हवं ते वर, नको ते यादीतच नको. काठावर असाल तर पुढच्या फेऱ्यांची वाट बघायचा धीर ठेवा, बहुतेक हालचाल तिथेच होते. फी जड जात असेल आणि घराचं उत्पन्न वर्षाला ६ लाखांच्या आत असेल तर गुजरात सरकारच्या मुख्यमंत्री युवा स्वावलंबन योजनेची पात्रता तपासा. यंदा नाही जमलं तर एक वर्ष थांबणं किंवा दुसरी शाखा घेणं, हे आईने मोठ्याने म्हटलं की मुलाच्या छातीवरचा दगड उतरतो. कितीतरी घरांत ते वाक्य कोणी म्हणतच नाही, म्हणून एजंटला दार सापडतं.

यादी लॉक करायचं बटण मुलाने दाबायचं, तुम्ही शेजारी बसा.

प्रवेश झाला की मेरिट यादीचं ते पान छापा, मुलाच्या क्रमांकाखाली पेन्सिलने रेघ मारा, त्या कॉलेजचा शेवटचा क्रमांक शेजारी लिहा आणि ते पान त्याला द्या. मी २०१८च्या त्या रात्री छापलेलं पान सहा वर्षं बँकेच्या जुन्या डायरीत ठेवलं होतं. इंटर्नशिप संपली त्या आठवड्यात काढून त्याच्या हातात दिलं. त्याने ते उभ्यानेच वाचलं, बोटाने दोन्ही आकडे पुन्हा पडताळले, घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवलं आणि म्हणाला, "आई, हे तेव्हा का नाही दाखवलंस?"